अब्बा म्हणाले, थांबेल

इंदापूर
५ डिसेंबर २०२५

सोहेल,

दुआ.

मंगळवारी दुपारी अब्बा गेले. परवेजनं तुला फोनवर सांगितलं आणि तू नुसतं "बरं" म्हणालास, हे त्यानं मला सांगितलं. चुलतभावाला निरोप्या करून मी घरात बसले, कारण तुझ्याशी फोनवर धड बोलता येत नाही. तू मध्येच बोलतोस आणि मग मी गप्प बसते. कागदाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

माती बुधवारी सकाळी दहाला झाली. मंगळवारी संध्याकाळी उरकता आली असती, पण जो तो विचारत होता, "सोहेल येतोय का?" मी म्हणाले, निघालाय. नागपूरहून निघालाय म्हटल्यावर सकाळपर्यंत वाट बघणं आलंच. मला ठाऊक होतं तू निघालेला नाहीस. तरी रात्रभर सगळ्या गावाला तुझ्या नावानं बसवून ठेवलं. सकाळी परवेजनंच पहिली मूठ टाकली. आम्ही बायका कब्रस्तानात जात नाही, मी अब्बांच्या दवाखान्याच्या पायरीवरून जनाजा जाताना बघत होते. माजी सैनिक संघटनेची बारा-तेरा माणसं टोप्या घालून आली होती. त्यांचे हवालदार नागेशराव, त्यांना गुडघा वाकवता येत नाही, तरी कब्रस्तानापर्यंत चालत गेले.

बानूबाई आली होती, ती धनगराची म्हातारी. तुला आठवत असेल, दर दिवाळीला लोणी घेऊन यायची. पायरीवर बसली आणि म्हणाली, "माजा जीव ठिवला आन् सवता गेला बग मेजर. ल्योक न्हाय का आला?" मी म्हणाले, येतोय. ती म्हणाली, "आता येऊन कुणाला भेटायचं हाय त्याला?" तिच्याशी खोटं बोलणं जमत नाही, म्हणून मी चहा करायला आत गेले.

आता एक बोलते. सोमवारी मी तुला मोबाइलवर लिहिलं होतं, "अब्बांचं काही खरं नाही, निघ." तुझं उत्तर आलं. एकच शब्द. "थांबेल." नऊ वर्षं तो शब्द तू जपून ठेवलास आणि नेमका तेव्हा परत केलास. मला राग आला. मग वाटलं, मी कोण रागावणार. ते जाऊ दे. तुझा तो शब्द मी अब्बांना दाखवला नाही. तेवढं तरी त्यांच्या वाट्याला आलं नाही.

१० जानेवारीला अब्बांचा चाळिसावा दिवस आहे. ये. करिमाला घेऊन ये. तिनं आजोबांना पाहिलेलं नाही, आता निदान त्यांची जागा तरी पाहू दे.

तुझी
अंजुम आपा


इंदापूर
१६ डिसेंबर २०२५

सोहेल,

परवा करिमाचा फोन आला होता. म्हणाली, "फुपी, मी नऊ वर्षांची झाले, आता मला सायकल पाहिजे." मी म्हटलं, मे महिन्यात ये, मी शिकवते. तिच्या वाढदिवसाला तू घरात गोडधोड करत नाहीस, हे तिनंच सांगितलं. ती विचारत होती, का. तिची आई त्याच दिवशी गेली हे तिला कळतं, पण म्हणून शिरखुर्मा का नाही, हे कळत नाही. पोर आहे. 

काल नागेशराव आले होते. चाळिसाव्यानंतर माजी सैनिक संघटना शोकसभा घेणार आहे. म्हणाले, "ताई, डॉक्टरसायबांचं दोन पानं चरित्र लिवून द्या. तुमच्याइतकं कुणाला म्हाईत हाय?" मी कागद घेऊन बसले. जन्म इंदापूर, शिक्षण पुणे, लष्करात वीस वर्षं, मेजर होऊन निवृत्त, मग हा दवाखाना. पाच ओळींत माणूस संपला. पुढं लिहायला गेलं की एका दिवसापाशी हात अडकतो. तो दिवस गाळून त्यांचं चरित्र होत नाही, आणि घालून ते शोकसभेत वाचता येत नाही. म्हणून ती दोन पानं तुलाच लिहिते.

तुला हजेरी आठवते ना? फौजेतून आले तरी रात्रीच्या जेवणाला नावं पुकारायचे. "करिमा बेगम?" अम्मी, जिचं नाव तू पोरीला दिलंस, ती तव्यावरून म्हणायची, "हाजिर, आणि भाकरी करपतेय." मग अंजुम, मग सोहेल. सगळ्यांनी हाजिर म्हटल्याशिवाय घास नाही. तुला लाज वाटायची, मित्रांसमोर पुकारू नका म्हणायचास. मी अकलूजचं सासर सोडून कायमची परत आले, तेव्हा अख्ख्या गल्लीनं मला शंभर प्रश्न विचारले. अब्बांनी एकही नाही. त्या रात्री नाव पुकारलं, "अंजुम?" मी हाजिर म्हणाले आणि जेवले. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारात खुर्ची टाकून दिली आणि म्हणाले, उद्यापासून कोण आधी आत येणार ते तू ठरवायचं.

अम्मी गेल्यावरही हजेरी सुटली नाही. तू बोलणं तोडून नागपूरला गेलास, तरी ते तुझं नाव घ्यायचे. कुणी काही बोललं नाही की स्वतःच म्हणायचे, "रजेवर." नऊ वर्षं तू रजेवर होतास, सोहेल. गैरहजर त्यांनी तुला कधी मांडलं नाही.

आणि तो शब्द. तुला तो शब्द म्हणजे एक कठोर म्हातारा वाटतो. तो कुठून आला ते तुला त्यांनी कधी सांगितलं नाही, मला सांगितलं, कारण मला दारात बसायचं होतं. कारगिलच्या वेळी ते द्रासच्या बाजूला होते. गोळे पडले की एकदम तीस-चाळीस जखमी यायचे आणि डॉक्टर दोन. मग एकानं नुसतं फिरून ठरवायचं, कुणाला आता घ्यायचं आणि कुणाला नंतर. त्यांच्या हाताखालचे दोघे सोलापूरकडचे होते, त्यामुळं हुकूम मराठीत चालायचे. "हा आता. हा थांबेल." त्यांनी मला एकच नियम शिकवला. "जो ओरडतोय त्याच्या छातीत हवा आहे, म्हणून तो ओरडतोय. तो थांबेल. जो गप्प पडलाय, त्याच्याकडं आधी जा."

पहिल्याच वर्षी त्याचा पडताळा आला. शेजारच्या वाडीचा आबाजी बोट कडबाकुट्टीत घालून आला. त्याच्या ओरडण्यानं अर्धी गल्ली गोळा झाली. "आगं बाई, मला आदी घ्या, मेलो, मेलो." त्याच्यामागं बानूबाई पायरीला टेकून बसली होती. मी विचारलं, तुला काय होतंय? ती म्हणाली, "मला काय न्हाय बाई, जरा घाम आलाय. त्येला घ्या आदी." थंडीचे दिवस होते. मी आबाजीला म्हणाले, तुम्ही थांबाल, आणि बानूबाईला आत नेलं. तिला हृदयाचा झटका आला होता. अब्बांनी तिला सुई टोचून, स्वतःच्या जीपमध्ये घालून पुढं नेलं. परत आल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास. तुला बघता येतं."

तेव्हापासून मला वाटायला लागलं की मला बघता येतं. बाकी पुढच्या पत्रात.

आपा


इंदापूर
२८ डिसेंबर २०२५

सोहेल,

तुझा निरोप मिळाला. तीन ओळी. "चाळिसाव्याला येणार नाही. नऊ वर्षं तू माझ्या बाजूनं होतीस, आता त्यांची वकिली का करतेस? करिमा मे महिन्यात येईल, नेहमीसारखी."

तुझ्या बाजूनं! ते वाचून मी दुपारचं जेवले नाही. दर मे महिन्यात तू करिमाला बारामतीच्या स्टँडवर माझ्या हाती द्यायचास आणि तिथूनच परत फिरायचास. तुझ्या अटीप्रमाणं मी तिला इंदापुरात न आणता काटेवाडीला तुमच्या जुन्या भाड्याच्या घरात महिनाभर ठेवायचे. अब्बा ते भाडं बंद करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, पोरीला पाय ठेवायला जागा हवी. एकदा मोटर बिघडली म्हणून मी मिस्त्री बोलावला होता, तर अब्बा त्याच्याबरोबर गेटपर्यंत आले. करिमा अंगणात चिंचा वेचत होती. ते बाहेरच उभे राहिले. तिनं विचारलं, "फुपी, ते आजोबा कोण?" मी म्हणाले, मिस्त्रीबरोबर आलेत. अब्बांनी ऐकलं. मान हलवली आणि जीपमध्ये जाऊन बसले. त्या रात्री ते मला फोनवर सांगत होते, तिच्या चालण्यात डावा पाय जरा आत पडतो, बूट बघून घ्या म्हणावं.  ते बूट मी पाठवले होते, तू माझे आभार मानलेस.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझा निरोप त्यांनी पाहिला. मोबाइल त्यांच्या उशाशी होता, वाजला आणि त्यांनीच उचलला. चष्मा मागितला. वाचलं. मला वाटलं, संपलं आता. ते म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. एवढा शब्द तरी माझ्याकडून नेला." थोडं हसलेही. मला ते हसणं सहन झालं नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. रोग्याला गप्प करताना करायचे तसा.

मग म्हणाले, "हजेरी घे." त्यांना दम लागत होता म्हणून पुकारायचं मला सांगितलं. मी म्हणाले, सोहेल. तेच म्हणाले, "रजेवर." मी माझं नाव घेतलं नाही. त्यांनी घेतलं. "अंजुम?" मी हाजिर म्हणाले नाही, रडायला लागले. तेव्हा त्यांनी मला कसम घातली. काय ती लिहीत नाही.

तू एवढंच आठव. बारामतीच्या त्या दवाखान्याच्या गॅलरीत तू अब्बांची कॉलर धरलीस. विचारलंस, "तुम्ही थांबेल म्हणालात? सांगा, म्हणालात?" ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हो. मीच म्हणालो." त्या मधल्या वेळात ते कुणाकडं बघत होते, तुला आठवतं का? तुझ्याकडं बघत नव्हते.

आपा


इंदापूर
३ जानेवारी २०२६

सोहेल,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आज सकाळी अब्बांच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. फोन अजून त्याच टेबलावर आहे. पूर्वी तो माझ्या दारातल्या खुर्चीजवळ असायचा. १५ डिसेंबर २०१६ ला त्यांनी वायर लांबवून तो आत घेतला. मला काही बोलले नाहीत.  त्या दिवसापासून पाळीही नंबरानं लागायला लागली आणि "थांबेल" हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही.

आदल्या दिवशी, १४ डिसेंबरला, दुपारी उसाची ट्रॉली उलटली होती. वर तोडणीची माणसं बसलेली, बायका-पोरं धरून अकरा जण. सगळे आपल्याच दारात आणले. अंगणात ऊस, रक्त, ओरडा. अब्बा आत एका बाईचा पाय बांधत होते. मी दारात उभी राहून सांगत होते, हा आता, हा थांबेल. त्यात फोन वाजला.

तू ओरडत होतास. "आपा, अब्बांना दे. अफशीनचं डोकं फुटायला आलंय, डोळ्यापुढं अंधारी येतेय, पाय सुजलेत. बारामतीला नेऊ का, विचार त्यांना." घरातल्या कुणालाही आधी अब्बांनी बघायचं, मग बाहेर, हा आपल्या घरचा कायदा. म्हणून तू विचारत होतास. तिला आठवा महिना होता. पंधरा-वीस मिनिटांवर दवाखाना होता, आणि तू विचारत होतास.

मी म्हणाले, थांब, विचारते. मी फोनवर हात ठेवला. मी आत गेले नाही, सोहेल. हाक मारली नाही. मी जागेवर उभी राहून पाचपर्यंत मोजलं. मग हात काढला आणि म्हणाले, "अब्बा म्हणाले, थांबेल. ते संध्याकाळी येणारच आहेत."

का म्हणशील तर सगळं सांगते, आता झाकून काय करू. एक तर माझ्यासमोर अकरा जण पडले होते. दुसरं म्हणजे तू तिला उचकी लागली तरी फोन करायचास. तिसरं मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या बायकोच्या कौतुकाचा मला कंटाळा आला होता. माझं एक मूल पाचव्या महिन्यात गेलं तेव्हा अकलूजला मला कुणी रिक्षासुद्धा करून दिली नव्हती. तिला बरं नसलं की सगळं घर उभं राहायचं. ते माझ्या मनात होतं. मोजताना होतं की नव्हतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण नव्हतं असं मी लिहिणार नाही.

आणि नियमही मी बरोबर लावला, असंच मला वाटलं. जो ओरडतोय तो थांबेल. ओरडत तू होतास. आजारी ती होती. तिचा आवाज फोनवर एकदाही आला नाही. बानूबाईला पायरीवर बघून कळलं ते मला फोनवर कळलं नाही. मी एवढंसुद्धा विचारलं नाही की ती काय करतेय. विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, गप्प पडलीय.

संध्याकाळी साडेपाचला अब्बा हात धुऊन बाहेर आले. मी म्हणाले, सोहेलचा फोन होता, वहिनीचं डोकं दुखतंय. ते म्हणाले, "आणि?" मी म्हणाले, डोळ्यापुढं अंधारी. त्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला. "किती वाजता आला होता?" मी म्हणाले, दोन. "तू काय सांगितलंस?" मी सांगितलं.  त्यांनी जीपची किल्ली घेतली. आम्ही काटेवाडीला पोहोचेपर्यंत तिला झटके सुरू झालेले आणि तू तिला बारामतीला हलवलेलं. करिमा वाचली. पुढचं तुला माहीत आहे.

गॅलरीत तू विचारलंस तेव्हा ते माझ्याकडं बघत होते. मी तोंड उघडायला हवं होतं. एक शब्द पुरे होता. तो मी बोलले नाही. त्यांनी तो स्वतःच्या अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला. घरी येताना जीपमध्ये मी म्हणाले, अब्बा, मी सांगते त्याला. ते म्हणाले, "रविवारी तिचा रक्तदाब वाढलेला मला दिसला होता. तेव्हाच दाखल करायला हवी होती. म्हणून मीच म्हणालो, हे काही अगदी खोटं नाही." मग बराच वेळ गाडी चालवून म्हणाले, "एक गेली. पोरगा आज गेला माझ्यापुरता. आता निदान भाऊबहीण तरी राहा. पोरीला बाईमाणूस लागेल."

तोंड उघडायचं नाही, हीच कसम त्यांनी मला त्या शेवटच्या सोमवारी घातली. "मी गेल्यावर तो तुझ्याकडं येईल. मोडू नकोस." नऊ वर्षं करिमाचे मे महिने मी खाल्ले, सोहेल. तिनं मला फुपी म्हणून मिठी मारली, ती मिठी अब्बांच्या बेअब्रूवर मिळालेली होती. ते गेटबाहेर उभे होते आणि मी आत तिच्या वेण्या घालत होते. मला ते चाललं. खरं सांगते, चाललं.

आता चालत नाही. लोक येतात, म्हणतात, मेजरनी किती जीव वाचवले. मग दबक्या आवाजात म्हणतात, पण स्वतःच्या सुनेला मात्र... आणि थांबतात. परवा शकुबाई, ती समोरची, माझ्या देखत बोलली, "परमेसरानं त्येंनाच असं का दावलं?" मी चहाचा कप तिच्या हातात दिला. त्यांच्या मातीवर हे बोलणं बसत चाललंय आणि ते उठून सांगू शकत नाहीत. ते तसेही सांगणार नव्हते.

मी त्यांची कसम मोडली. मला ठाऊक आहे, हे वाचून तू करिमाला मे महिन्यात पाठवणार नाहीस. कदाचित कधीच नाही. सायकल मी घेऊन ठेवली आहे, लाल रंगाची. ती परवेज नागपूरला पोहोचवील. तिला माझं नाव सांगू नकोस, वाटल्यास आजोबांची म्हणून दे. तिला केव्हा काय सांगायचं ते तू ठरव. तिच्या डाव्या बुटाचं माप वाढलं असेल, तेवढं बघ.

नागेशरावांना मी उद्या हीच गोष्ट दोन पानांत लिहून देणार आहे. शोकसभेत त्यांनी ती वाचावी. गावानं ज्याच्या पायरीवर हा दोष ठेवला, त्याच पायरीवरून तो उचलावा.

हे पत्र मी पोस्टात स्वतः नेऊन रजिस्टर करते. पेटीत टाकलं असतं तर वाटेत पुन्हा हात आत घालावासा वाटला असता.

१० तारखेला तू आलास तर दवाखान्याकडं वळू नकोस. आधी सरळ कब्रस्तानात जा. उत्तरेच्या भिंतीकडून तिसरी, अम्मीशेजारी. अजून दगड बसवलेला नाही, नुसती माती आहे. तिथं कुणी बघणारं नसलं तर एकदा तुझं नाव घे आणि हाजिर म्हण. ते नऊ वर्षं पुकारत होते.

माझं काय करायचं ते नंतर बघ. आज, उद्या, दहा वर्षांनी. मी दारातल्या त्याच खुर्चीत असेन. हाक मारणार नाही.

मी थांबेन.

अंजुम